पोट वर आलं की एक : नवजात बाळाच्या गृहभेटीचं प्रशिक्षण, प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आशाताईंच्या उजळणी प्रशिक्षणाचं काम आजपासून माझ्याकडे आलं. विषय घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करण्याचा. ५६ आशाताई, दोन तुकड्या, प्रत्येकीला दोन दिवस, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. साहित्य जुनंच वापरा, थोडं ताजं करा, असं पत्रात म्हटलंय.

जुनं साहित्य उघडलं. त्यातला ४० प्रश्नांचा पेपर दोन वर्षांपूर्वी मीच काढला होता. निकालाचा कागदही फाइलला लावलेला आहे. सगळ्या पास, बहुतेकींना ८० टक्क्यांच्या वर गुण. तेव्हा मला त्या निकालाचा फार आनंद झाला होता.

त्याच फाइलमध्ये मागे गृहभेटीच्या फॉर्मच्या झेरॉक्स आहेत. आरोग्य अधिकारी मॅडमनी त्या पाठवल्यात आणि एका रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढलाय. रकाना आहे 'एका मिनिटात श्वास'. त्यात ४०, ४०, ४२, ४०, ४०, ४०. गावं वेगळी, बाळं वेगळी, भेट तिसऱ्या दिवसाची असो की अठ्ठाविसाव्या, आकडा तोच. खाली मॅडमनी लिहिलंय : "इतकी सारखी बाळं नसतात."

माझ्या पेपरातला प्रश्न क्रमांक १७ : 'दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला किती किंवा त्याहून जास्त असल्यास तो जलद समजावा?' चार पर्याय. उत्तर ६०. हा प्रश्न कुणाचाही चुकलेला नाही.

६ ऑगस्ट

दिवसभर संविधान तक्ता. डी.एड.-बी.एड. केलेल्यांना हा शब्द परिचयाचा असतो. डावीकडे उद्दिष्टं, वर प्रश्न, आणि कुठला प्रश्न कुठल्या उद्दिष्टाला भिडतो तिथे खूण. आपण तो बहुतेकदा पेपर काढून झाल्यावर भरतो, मग खुणा आपोआप जिथे हव्या तिथे पडतात. आज उलट केलं. उद्दिष्टं एका कागदावर, प्रश्न दुसऱ्यावर, आणि प्रत्येक प्रश्नाला विचारत गेले : याचं उत्तर बरोबर आलं तर मला या बाईबद्दल नेमकं काय कळलं?

बहुतेक प्रश्नांचं उत्तर एकच निघालं. तिला आकडा आठवतो, एवढंच. गृहभेटी कोणकोणत्या दिवशी? दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. घरी झालं असेल तर पहिला दिवसही. कमी वजनाचं बाळ कुणाला म्हणायचं? २,५०० ग्रॅमच्या आतलं. हे आठवायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण उद्दिष्टात मी लिहिलं होतं : 'आशा नवजात बाळाची तपासणी करू शकेल.' तपासणी करण्यावर ४० पैकी एकही प्रश्न नव्हता. कागदावर तो असणं शक्यही नव्हतं.

काही प्रश्न असे निघाले की त्यांना उद्दिष्टच नाही. योजनेच्या इंग्रजी नावाचं पूर्ण रूप, योजना सुरू झाल्याचं वर्ष. असे प्रश्न काढायला सोपे आणि तपासायला त्याहून सोपे, म्हणून ते पेपरात शिरतात. शिकणारी मात्र त्यांच्यावरून ठरवते की प्रशिक्षणात महत्त्वाचं काय. २०२३ मध्ये आम्ही त्यांना सांगितलं की महत्त्वाचं आहे ते पूर्ण रूप, आणि त्यांनी ते मन लावून पाठ केलं.

७ ऑगस्ट

उद्दिष्टांची क्रियापदं वेगळी काढली. 'माहिती होईल', 'समजेल', 'महत्त्व पटेल', 'जाणीव निर्माण होईल'. पाठ टाचणात, म्हणजे शिकवण्याआधी लिहायच्या पाठाच्या आराखड्यात, आम्हाला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे चार मथळे आणि प्रत्येकाखाली स्पष्टीकरणं लिहायला शिकवलं होतं. ती शिस्त चांगली होती. मीच ती ढिली केली, कारण 'समजेल' लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच उद्दिष्टाकडून तीन गोष्टी मागितल्या होत्या : शिकणारी काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि किती नीट केलं म्हणजे पुरेसं. आमच्या एकाही उद्दिष्टात तिन्ही नाहीत. बऱ्याच उद्दिष्टांत पहिलीही नाही.

११ ऑगस्ट

आज गटप्रवर्तक ताईंबरोबर (आशाताईंच्या कामावर देखरेख त्यांची) दोन पाड्यांवर गेले. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पहिल्या घरी बाळ सात दिवसांचं. घरात अंधार, चुलीचा धूर, बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून आजीच्या मांडीवर. आशाताईंनी हात धुतले, आजीशी बोलत बोलत दुपटं सैल केलं, बाळ शांत होईपर्यंत थांबल्या. किटमधल्या घड्याळाचा सेल केव्हाच संपलाय, म्हणून मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. मीही शेजारी बसून मोजत होते. माझे ४५ झाले. त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं ४०.

बाहेर पडल्यावर पडवीत उभं राहून विचारलं, "ताई, किती आले होते?"

आधी त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नव्वद."

नव्वद कसे? त्यांनी हाताने दाखवलं : पोट वर आलं एक, पोट खाली गेलं दोन.

पुढचं त्यांनी चालता चालता सांगितलं. गेल्या वर्षी एका बाळाचे असेच ९२ आले. ६० च्या वर म्हणजे धोका, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भर दुपारी बाळ-बाळंतिणीला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. तिथे बाळ ठणठणीत निघालं आणि सगळ्यांसमोर त्यांना ऐकवण्यात आलं की उगाच लोकांना घाबरवू नका. त्या दिवसापासून त्या मोजतात, पण लिहितात ४०. "चाळीस लिहिलं की कुणी काही म्हणत नाही, मॅडम."

या ताईंना माझ्या पेपरात ४० पैकी ३७ गुण आहेत.

१२ ऑगस्ट

रात्री नीट झोप लागली नाही. कालचं सगळं मांडून बघते.

त्या ताईंना आकडा माहीत होता आणि त्यांनी श्वास मोजलाही होता. बाळाला दवाखान्यात न्यायचं धाडससुद्धा दाखवलं होतं. नव्हती ती एकच गोष्ट : एक श्वास म्हणजे काय. दोन मिनिटं कुणी त्यांच्या शेजारी बसून मोजलं असतं तर ती चूक तिथेच दिसली असती. माझ्या परीक्षेने ती झाकली आणि वर ३७ गुण दिले. चुकीचं मोजून त्यांनी खरं लिहिलं तेव्हा बोलणी खाल्ली, आणि मग त्या खोटं लिहायला शिकल्या. या साखळीची पहिली कडी प्रश्न क्रमांक १७ आहे.

हा प्रकार एकट्या त्यांचा नसणार. दुसऱ्या पाड्यावरच्या ताई बरोबर मोजत होत्या. त्यांना पेपरात २४ गुण होते, कारण लिहायचा वेग कमी.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्यांचा मनोरा मांडला. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', मग 'करून दाखवते', आणि टोकाला 'रोजच्या कामात करते'. आमचं उद्दिष्ट टोकाचं होतं आणि परीक्षा तळाची. मधल्या दोन पायऱ्या आम्ही कधी चढलोच नाही.

१९ ऑगस्ट

२३ उद्दिष्टांची ६ केली. कार्यालयाकडून विरोध होईल असं वाटलं होतं, पण आरोग्य अधिकारी मॅडमनी फक्त विचारलं, "बाकीची गेली कुठे?" बाकीची बहुतेक या सहांच्या पोटातच आहेत, हात धुणं हे वेगळं उद्दिष्ट कशाला, बाळाला हात लावायच्या प्रत्येक कामाची ती सुरुवात आहे.

श्वासाचं उद्दिष्ट आता असं आहे : 'शांत बाळाचं पोट आणि छाती दिसेल इतके कपडे बाजूला करून, मोबाइलच्या किंवा घड्याळाच्या वेळेवर पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, आकडा खऱ्या मोजणीच्या ५ पुढे-मागे असतो, ६० किंवा जास्त आल्यास कुणी न सांगता पुन्हा मोजते, दुसऱ्यांदाही तसाच आल्यास बाळाला लगेच दवाखान्यात पाठवते.' वाक्य लांबलंय आणि कानाला गोड नाही. पण ते वाचून परीक्षा कशी घ्यायची हे कुणालाही सांगता येईल, म्हणून ते तसंच ठेवलं.

'पूर्ण एक मिनिट' यावर एका सहकाऱ्याने शंका काढली. ३० सेकंद मोजून दुप्पट का नाही? कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्ये काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. अर्ध्या मिनिटात नेमका कुठला तुकडा हाती लागेल ते सांगता येत नाही, आणि दुप्पट करताना चूकही दुप्पट होते.

२१ ऑगस्ट

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या पद्धतीचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून हे काम केलं, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. देशभर ही योजना २०११ पासून आली.

मला त्यांचं एक जुनं साधन आठवतंय : श्वास मोजायचा मणी-फलक. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्या सुइणींना साठपर्यंत सलग मोजता येत नव्हतं त्यांना दहापर्यंत येत होतं, म्हणून काम दहाच्या टप्प्यांत आणलं. ठरवायचं होतं ते बाळाचा श्वास जलद आहे की नाही, सुईण किती शिकली आहे हे नव्हे. माझ्या पेपराने त्या दुसऱ्या पाड्यावरच्या ताईंचा लिहिण्याचा वेग तपासला.

२५ ऑगस्ट

परवा गणपती, कार्यालय निम्मं रिकामं. शांतपणे व्हिडिओचं काम केलं.

बाहुलीवर श्वास मोजता येत नाही. आमच्या बाहुल्या श्वास घेत नाहीत. प्रशिक्षणाच्या खोलीत २८ जणींपुढे एखादं तान्हं बाळ आणून ठेवणं मला मान्य नाही. म्हणून दोन आयांची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता, झोपलेल्या बाळांच्या पोटाचे व्हिडिओ काढले. मी आणि आरोग्यसेविका ताई, दोघींनी वेगवेगळं तीन-तीनदा मोजलं. एक ३८ चा ठरला, दुसरा ४८ चा.

जलद श्वासाचा व्हिडिओ कुठून आणायचा? आजारी बाळ समोर असताना मोबाइल काढून चित्रीकरण करत बसणं हा विचारही नको. उपाय साधा निघाला : ४८ च्या बाळाचं ८४ सेकंदांचं चित्रीकरण १.४ पट वेगाने चालवलं. बरोबर एक मिनिटाचा व्हिडिओ झाला आणि श्वास ६७. बाळ गाढ झोपेत असल्याने वेग वाढवलाय हे कळत नाही. याच रीतीने जरा कमी वेगात ५२ चाही केला. ५८-६२ च्या आसपासचा मुद्दाम टाळला. तिथे दोन श्वासांच्या फरकाने निर्णय बदलतो, आणि ५ च्या सवलतीत बरोबर मोजणारी बाईसुद्धा नापास होऊ शकते. ३८, ५२, ६७ : तिन्हीत ५ इकडे-तिकडे झाले तरी निर्णय बदलत नाही.

८ सप्टेंबर

वजनाचं केंद्र, म्हणजे परीक्षेत वजन करून दाखवायचं टेबल. शिवलेल्या कापडी बाहुलीत तांदूळ भरून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती बरोबर २,४५० ग्रॅमची केली. मग झोळीच्या वजनकाट्याचा स्क्रू फिरवून रिकामी झोळी अडकवल्यावर काटा १०० वर येईल असं केलं. जी ताई आधी काटा शून्यावर आणेल तिला २,४५० दिसेल, म्हणजे बाळ कमी वजनाचं. जी तशीच वजन करेल तिला २,५५० दिसेल, आणि ते बाळ तिच्या कागदावर सुखरूप ठरेल. 'वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर का आणावा?' हा जुन्या पेपरातला प्रश्न क्रमांक २२. त्याचं काम आता तो स्क्रू करतो.

असं करणं म्हणजे फसवणूक आहे का, असं एकीने विचारलं. मी बराच वेळ विचार केला. पिशवीत घालून डोंगर चढलेला काटा शून्यावरून हलतोच. ही परिस्थिती खरी आहे. पण शिकवतानाही तिला हललेलाच काटा हाती द्यायचा, परीक्षेत पहिल्यांदा नाही. तशी नोंद प्रशिक्षकांच्या सूचनांत केली.

तापमानाचं केंद्र सरळ आहे. काखेत थर्मामीटर, दंड अंगाशी धरलेला, बीप होईपर्यंत थांबायचं, आकडा लिहायचा. एकमेकींवर होईल.

१० सप्टेंबर

सर्वांत अवघड : 'कुटुंबाला पटवून देईल.' याची परीक्षा कशी घ्यायची?

सासूची भूमिका गटप्रवर्तक ताई करणार. त्यांनी एक वाक्य ऐकवलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो : "आमच्यात सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. तुझ्या मशिनीनं आकडा दाखवला म्हणून काढू का?"

मी आधी निकष लिहिला होता 'सासू तयार होते'. तो खोडला. तयार होणं सासूच्या हातात आहे. प्रत्यक्षातही चांगलं बोलूनसुद्धा एखादं घर ऐकत नाही, आणि त्याचे गुण आशाताईंचे कापायचे? क्रियापद बदललं. आता बघायचं ते असं : सासूची भीती कशाची आहे हे विचारलं का; बाळात काय दिसलं ते तिला तिच्या डोळ्यांनी दाखवलं का; आजच जायला हवं हे स्पष्ट सांगितलं का; १०२ ला फोन, सोबत येणं, अंगभर गुंडाळून नेणं यांपैकी काही देऊ केलं का; आणि नाहीच ऐकलं तर पुढे कुणाला कळवणार ते सांगितलं का. धमकी दिली तर पुन्हा करायचं.

मूल्यमापनाने उद्दिष्ट दुरुस्त करायला लावलं असं आतापर्यंत तिसऱ्यांदा झालंय. सगळी उद्दिष्टं पक्की करून मगच परीक्षेकडे वळायचं, असं मी वर्षानुवर्षं करत आलेय. या कामात तरी दोन्ही कागद शेजारी ठेवून इकडचं खोडणं-तिकडचं लिहिणं हेच जमतंय.

१५ सप्टेंबर

१२ जणींवर चाचणी. चार टेबलं, प्रत्येकी सात मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. ही रीत रोनाल्ड हार्डन यांनी डंडीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी १९७५ मध्ये मांडली. आमच्या पंचायत समितीच्या सभागृहात ती शाळेच्या घंटेवर चालली.

श्वासाच्या टेबलावर तिघींनी दुहेरी मोजलं : ७५, १०५, १३४ अशा धर्तीचे आकडे. एकीने पोट न बघता घड्याळच बघितलं. ६७ च्या व्हिडिओला बरोबर मोजणाऱ्यांपैकी फक्त दोघींनी, न सांगता, "पुन्हा लावा" म्हटलं.

शून्यावर काटा पाचजणींनी आणला.

१६ सप्टेंबर

दोन निरीक्षकांचे कागद शेजारी ठेवले. श्वास आणि वजन जुळतं. संवादात फार फरक. 'आपुलकीने बोलली' या ओळीवर एकीने सगळ्यांना खूण दिली, दुसरीने चौघींनाच. ओळ काढून टाकली. तिच्याजागी 'सासूचं बोलणं मध्येच न तोडता ऐकलं'. आपुलकी मला हवीच आहे, पण निरीक्षकाला दिसेल तेवढंच तिच्या कागदावर लिहायला हवं.

२२ सप्टेंबर

बैठक. वरून मागणी : चारही टेबलांचे मिळून १०० गुण करा, ६० ला पास. अहवालात एकच आकडा बसतो.

मी नकार दिला, आणि जरा आवाज चढवूनच दिला. वजन, ताप आणि बोलणं या तिन्हींत २५ पैकी २५ मिळाले की ७५ झाले. श्वास मोजता येत नसलेली बाई पहिल्या श्रेणीत पास होईल आणि आपण पुन्हा त्या ४० च्या रकान्याशी येऊन थांबू. श्वासाचे गुण वजनातून भरून निघत नाहीत. प्रत्येक टेबल वेगळं पास व्हायचं. जे राहिलं तेवढंच पुन्हा शिकायचं आणि त्याच दिवशी पुन्हा द्यायचं. आरोग्य अधिकारी मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. अहवालासाठी चार रकाने मंजूर झाले. 'नापास' हा शब्द कुठेही येणार नाही, 'अजून सराव' असा येईल. हा आग्रह गटप्रवर्तक ताईंचा.

वेळापत्रकही उलटंपालटं केलं. परीक्षा करण्याची, तर शिकवणंही करण्याचंच हवं. योजनेची माहिती अर्ध्या दिवसाची होती, ती अर्ध्या तासावर आणली. सुटलेला वेळ सगळा सरावाला.

७ ऑक्टोबर

पहिल्या तुकडीचा दुसरा दिवस. सकाळी सगळ्यांना एकत्र ३८ चा व्हिडिओ लावला आणि प्रत्येकीने आकडा चिठ्ठीवर लिहिला, नाव न घालता. फळ्यावर मांडले. ३६ ते ४१ चा एक घोळका आणि ७६ च्या आसपास दुसरा. कुणाची चूक असं न म्हणता विचारलं, दोन घोळके का झाले असतील? मागच्या बाकावरून उत्तर आलं : "त्या वर पण मोजतात, खाली पण." ऑगस्टमधल्या त्या ताईंनीच ते सांगितलं. मग पुढे येऊन स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं : "पोट वर आलं की एक. खाली जाताना गप बसायचं."

दुपारनंतर त्या ताईच दुसऱ्या व्हिडिओवर शिकवत होत्या. मी फक्त घंटा वाजवली.

पहिल्या फेरीत श्वासाला आठजणींचं 'अजून सराव' आलं, संध्याकाळी एकीचं राहिलं. तिला डोळ्यांचा त्रास आहे; चष्म्याची सोय बघायची. हे कुठल्याही पेपरातून कळलं नसतं.

१८ नोव्हेंबर

सहा आठवड्यांनी त्याच पाड्यावर, त्याच ताईंबरोबर. खोलीतलं टेबल ही 'करून दाखवते' पायरी झाली. 'रोजच्या कामात करते' हे इथेच बघायला मिळणार. बाळ चौदा दिवसांचं, नुकतंच पिऊन झालेलं, पाय झाडत होतं. त्यांनी मोजलं. ६२. माझेही ६१. त्या काही बोलल्या नाहीत, लिहिलंही नाही. बाळाला आईच्या कुशीत दिलं, आजीशी कांद्याच्या रोपांबद्दल गप्पा मारल्या. दहा मिनिटांनी बाळ झोपल्यावर पुन्हा मोजलं. ५४.

मग पेन काढलं. रकान्यात दोन्ही आकडे दाटीवाटीने लिहिले, मध्ये रेघ मारून : ६२/५४. शेजारी बारीक अक्षरात 'पहिल्यांदा पिऊन हलत होतं'.

ऑक्टोबरपासूनचे त्यांचे फॉर्म चाळले. ४४, ५१, ३८, ४७, ४९.

फॉर्ममध्ये दुसऱ्या मोजणीला रकाना नाही. तो मागायचं पत्र उद्या आरोग्य अधिकारी मॅडमकडे द्यायचं. सोबत आजच्या पानाची झेरॉक्स, बाळ-आईचं नाव झाकून.